पेटारा आणि परवाने

पेडण्याच्या जत्रेस दशावतारी मंडळी येतात तेव्हा पेटाऱ्यात काय आणावयाचे आणि गावाने काय पुरवावयाचे, हे आधीच ठरलेले असते. मुकुट, शस्त्रे, पोशाख पेटाऱ्यातून. मांडव आणि वीज गावाची. संगणकाच्या आज्ञावलीचे पुडके बांधणाऱ्यासही हाच विवेक लागतो, हे आम्हांस देवनागरी टंकांच्या निमित्ताने उमगले.

१९९३ साली इयान मर्डॉक यांनी आरंभिलेल्या डेबियन या मुक्त प्रणालीत प्रत्येक पुडक्यासोबत एक लहानसा टिपणवजा मजकूर असतो. 'डिपेंड्स' म्हणजे ज्यावाचून चालणारच नाही असे. 'रेकमेंड्स' ही सहसा पाळली जाणारी शिफारस. 'सजेस्ट्स' ही निव्वळ सूचना. नस्तींवर शेरे लिहिण्यात आयुष्य गेलेल्या आम्हांस हा भेद फार जवळचा वाटला. शिफारशीस अनिवार्य ठरविले की नको ती ओझी वाढतात. अनिवार्य ते सूचनेत ढकलले की काम पहिल्याच दिवशी अडते. 'फॉन्ट्स-देवा' या पुडक्यात तर स्वतःचे एकही अक्षर नाही. ते फक्त इतर देवनागरी टंकांना बोलावून आणते. साहित्य मंडळाच्या कार्यवाहासारखेच म्हणा ना!

परवानग्यांची बाब अधिक नाजूक. टंकाची फाइल 'रूट' या मालकाची; लिहिण्याचा अधिकार त्यालाच, वाचण्याचा सर्वांना. हे ६४४ या आकड्याने दर्शवितात. बांधणाऱ्याच्या यंत्रावरील कडक व्यवस्थेमुळे तेथे ६०० राहिले, तर टंक यंत्रात असूनही सामान्य वापरणाऱ्यास तो वाचता येत नाही. म्हणून बांधणीत 'डीएच-फिक्सपर्म्स' ही आज्ञा असे अधिकार सरळ करते.

परंतु खरी परवानगी कायद्याची. रेड हॅटने प्रसिद्ध केलेले 'लोहित' टंक पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरविलेले. २०११ साली ते एसआयएलच्या मुक्त टंक परवान्याखाली आले. कोणीही ते बांधावेत, सुधारावेत, वाटावेत. आमच्या मंडळाचे जुने अंक मात्र एका खाजगी टंकात जुळविलेले आहेत. त्या टंकाने मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविली होती, आणि तो वाटण्याची मुभा नाही. जे वाटताच येत नाही त्याचे पुडके डेबियनच्या भांडारात जाणार कसे? नव्या यंत्रावर ते अंक उघडले की रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. डिचोलीच्या जुन्या घराण्यांनी सांगितलेल्या आठवणी त्यांत आहेत. सांगणारे बहुतेक आज हयात नाहीत, आणि छापील प्रतींना वाळवी लागली आहे.

तूर्त दोन तरुण तो मजकूर युनिकोडात उतरवीत आहेत. तक्त्याबरहुकूम अक्षरे बदलतात, पण ऱ्हस्व इकार आणि रफार जागा सोडतात. जुन्या टंकात ते दिसतील त्या क्रमाने टंकलेले, युनिकोडात उच्चारक्रमाने लागतात. ते डोळ्यांनी पाहूनच दुरुस्त करावे लागते. त्या वाचनाचे काम आम्ही घेतले आहे, आणि पेडण्याच्या घराण्यांचा अंक प्रथम काढला आहे.