पोटखराब्याचे फोटो

राजापूर तालुक्यातला आमच्या गावचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून लागलेला आहे. म्हणजे लागवडीला निरुपयोगी. चिरेखाणवाला चार पैसे घेऊन दारात आला की मालकाला तो पोटखराबा आयता सोन्याचा होतो, आणि त्यात मालकाचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. फक्त याच कातळावर कुणीतरी कोरून ठेवलेली माणसं, मासे आणि जनावरं आहेत, हे सही करताना त्याला माहीत असावं एवढंच माझं म्हणणं. माझी फोटोग्राफी तेवढ्यासाठी चालते.

कातळशिल्पांचा फोटो हे चिवट काम आहे. कोरीव रेषा जेमतेम काही सेंटिमीटर खोल. दुपारी त्या कातळावर उभं राहिलात तर पायाखाली काही आहे याचा पत्ता लागत नाही. सकाळी किंवा सूर्य कलल्यावर तिरपं ऊन पडतं, तेव्हा खाचेची एक कड काळी होते आणि आकृती दिसू लागते. काही हौशी लोक खाचांत खडू किंवा रांगोळी भरून फोटो काढतात. मला ते पटत नाही. घासाघाशीने कडा झिजतात, शिवाय भरणारा स्वतःला वाटेल तीच रेष भरतो आणि पुढे सगळे तेच खरं धरून चालतात. मी थांबतो, आकृतीशेजारी मोजपट्टी ठेवतो, उत्तर दिशा दाखवतो. असा फोटो दिसायला रुक्ष असतो, पण उद्या खाचेचा टवका उडाला तर पुरावा म्हणून तोच उपयोगी पडतो.

मोठ्या चित्रांना आभाळातून पाहावं लागतं. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे, त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. जमिनीवरून तो एका नजरेत मावत नाही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका मित्राचा ड्रोन मुहूर्त नसले की मला मिळतो. त्या हत्तीचा वरून घेतलेला फोटो मी मोबाइलवर एका गुराख्याला दाखवला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “म्हंजे आमची ढोरां हत्तीवरनं चालत हुती!”

शोधाचं मोठं काम सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. गावोगाव विचारत हिंडून त्यांनी ही चित्रं जगापुढे आणली. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी, जांभरूण, रुंढेतळी, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ. आमच्या सड्याचं नाव त्यात नाही. अशा जागांना गावच्या लोकांशिवाय वाली नाही.

म्हणून फोटो गणपतीत, देवळाच्या सभामंडपात लावतो. त्या दिवसांत चाकरमानी गावात असतात आणि सातबाऱ्यावर अर्धी नावं मुंबईतल्यांचीच असतात. सही त्यांचीही लागते. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी लावायचे: मे महिन्यातला काळा, तापलेला कातळ आणि श्रावणातला तोच कातळ, सीतेच्या आसवांच्या फुलांनी जांभळा झालेला, मधे गेंदाची पांढरी बोंडं. दीपकाडी पहिल्या पावसांनंतर फुलते, मुंबईकर येईपर्यंत संपलेली असते, त्यामुळे तिचा फोटो लावतोच. ही वनस्पती कोकणाबाहेर नाही म्हटलं की बायका जवळ येऊन बघतात. चिरेखाणीचं मशीन फिरलं की ही फुलं धरणारा वीतभर मातीचा थर आणि खालचं शिल्प, दोन्ही एकदमच जातात. सड्यात मुरलेलं पाणी खालच्या वाडीतल्या विहिरींना येतं, हे मात्र फोटोत दाखवता येत नाही. ते तोंडाने सांगतो, आणि खरं तर लोकांना तेच जास्त पटतं.

फोटोंनी खाण थांबली असं नाही. एका शेजारगावी फोटो पाहूनही भावकीने जमीन दिली. आमच्या गावात दोन घरांनी शिल्पाभोवती कातळी दगडांचा गडगा घातला आहे आणि बाकीची जमीन विकायची की नाही यावर त्यांचं भांडण चालू आहे.

तुमच्या गावच्या सड्यावर काही दिसलं तर त्यात खडू भरू नका, चपला घालून वर चढू नका. मोजपट्टी ठेवून, तारीख लिहून फोटो काढा. तो पुरातत्त्व विभागाला आणि ग्रामपंचायतीला द्या. जागेचा नेमका पत्ता मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका.