भोंगा न वाजल्याचा पंचनामा

ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या बफरमधल्या सीतारामपेठेत 2023 साली गावाच्या कडेने कॅमेरे लागले. समोरून गेलेलं जनावर वाघ आहे की गाय, हे यंत्रच ठरवतं आणि वाघ असला तर गावाला सावध करतं. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. हे ज्याला आठवतं, तो या कॅमेऱ्यांना नाक मुरडणार नाही. मीही मुरडत नाही.

पण यंत्राने वाघाला गाय ठरवलं, भोंगा वाजलाच नाही आणि बाई मेली तर?

घरच्यांना पैसे मिळतील. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर राज्य सरकार 25 लाख देतं आणि त्यासाठी कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. वाघाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार तरी कसं? दोष न विचारणं ही या कायद्याची माणुसकी. तिच्याच आडोशाने यंत्र बनवणाराही सुटतो, कारण भरपाई एकदा दिली की पुढे खोदायला कुणी उरत नाही.

दुसरे दरवाजे ठोठावून पाहावेत, तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष वस्तूची जबाबदारी उत्पादकावर टाकतो, पण ग्राहकापुरती. कॅमेरा घेतला सरकारने. मेलेली बाई ग्राहक कशी, इथूनच वाद. दिल्लीच्या वायुगळतीनंतर 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घातक धंदा करणाऱ्याला ‘आम्ही काळजी घेतली होती’ म्हणून सुटता येणार नाही. मात्र इथे घातक आहे तो वाघ. कॅमेरा नुसता गप्प राहिला.

गप्प राहणंही साधं नसतं. भोंग्यावर विसंबायची सवय लागली की वाघाची चाहूल देणाऱ्या वानराच्या खेकसण्याकडे कान कमी जातो, चौघींनी मिळून जायचं तिथे एकटी जाते.

आणि यंत्र वाजलं असेल तर? मग तेच तिच्याविरुद्ध साक्ष देईल: सूचना आली होती, तरी गेली. तेंदूचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, पुडे मोजून पैसे, ती जाणारच. गडचिरोलीत भामरागडकडे तर सूचना यायला आधी मोबाइलला रेंज हवी. यंत्र चुकलं तरी दोष माणसावर, हे इथलंच नाही. अमेरिकेत 2018 साली टेम्पी शहरात उबरच्या स्वयंचलित गाडीखाली एक बाई मेली. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. शिक्षा झाली ती आत बसवलेल्या चालक बाईला. दोष उतरणीने वाहतो, तिकडेही.

म्हणून पंचनाम्यात जनावराच्या पावलांबरोबर यंत्राची त्या वेळची नोंदही लागली पाहिजे: काय दिसलं, काय ठरवलं, निरोप कुणाला गेला. ती पुरवठादाराच्या सर्व्हरवर अडकून पडू नये, ग्रामसभेला मागता यावी, ही अट खरेदीच्या करारातच हवी. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक वनखात्याकडून आपल्या हातात घेतलं. कॅमेऱ्याची नोंद त्या पुस्तकाहून काही अवघड नाही.