माळ्यावरची ज्येष्ठता

१/ वर्तकनगरच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत बाबांच्या शाळेच्या सेवाज्येष्ठता याद्या सापडल्या. बाबा १९८४ मध्ये माध्यमिक शिक्षक झाले; १९८७ मध्ये आलेले सहकारी मुख्याध्यापक झाले. घरात याला आजवर ‘अन्याय’ हेच नाव होते.

२/ मग मी महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, १९८१ वाचली. नियम १२ नुसार व्यवस्थापनाने यादी करून शिक्षकांत फिरवायची, सह्या घ्यायच्या, हरकती विचारात घ्यायच्या. वाद उरल्यास तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. बढतीत डावलले गेल्यास १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

३/ कळीची आहे अनुसूची ‘फ’. प्रशिक्षित पदवीधर ‘क’ प्रवर्गात येतात आणि ज्येष्ठता त्या प्रवर्गातील प्रवेशापासून मोजली जाते. तारीख एकच असेल, तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. बाबांचे बी.एड. १९९० चे, सहकारी बी.एड. होऊनच आले होते.

४/ प्रत्येक यादीवर बाबांची सही आहे, हरकत एकही नाही. हे सारे त्यांना सांगितले. ते एवढेच म्हणाले, “मग त्या सहा वर्षांत वर्ग कोणी घेतले?”

त्या वर्षांचे हजेरीपट मी अजून शोधते आहे.