ए बाजू चढी, बी ठीक

मामूंच्या कॅसेटच्या आतल्या कागदावर पेन्सिलीनं उर्दूत चार शब्द लिहिलेले आहेत: ए चढी, बी ठीक. माझ्या मुलाला उर्दू वाचता येतं, पण मामूंचं शिकस्ता अक्षर लागत नाही. त्यानं विचारलं, "अम्मी, ये क्या लिखा है?" मी वाचून दाखवलं आणि पुढे मला काही बोलता आलं नाही.

कॅसेट माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची. मिरजेच्या मुसलमान घरात ती कशी आली, ते आधी सांगते. मामू कुवेतला एसीची कामं करायचे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा शिरल्या आणि तिथले लाखो हिंदी लोक अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आले, त्यांत मामूही होते. दहा वर्षांच्या कमाईतून एक पिशवी हातात राहिली होती. त्या पिशवीत दोन शर्ट, नानीसाठी जानमाज आणि ही कॅसेट. त्यांच्या खोलीत एक गोवेकर राहायचा, सॅक्सोफोन वाजवणारा. निघताना त्यानं ती मामूंच्या खिशात कोंबली होती. मी तेव्हा बारा वर्षांची.

मामूंकडे जुनी हार्मोनियम होती. नानीला ती घरात नको असायची, पण उरुसात दर्ग्याच्या आवारात मोठमोठे गवई हजेरी लावतात ते ऐकायला तीच पहिली निघायची. हा तिढा आमच्या घरी कधी सुटला नाही. मामू मात्र दुपारी सगळे झोपले की टेप लावायचे आणि मांडीवर हार्मोनियम घेऊन त्याच्याबरोबर वाजवायचा प्रयत्न करायचे.

पहिलंच गाणं 'सो व्हॉट'. मामूंना जॅझ म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण दोन दिवसांत ते म्हणाले, हा तर काफी आहे. आज पुस्तकात वाचते तर तिकडे त्याला डोरियन म्हणतात आणि आपल्या काफी थाटाचे तेच स्वर. पांढरी दोनला सा धरायचा आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर चालायचं. सोळा मात्रांची नव्हे, सोळा मोजपट्ट्यांची वाट तशीच जाते. मग आठ पट्ट्या सगळा काफी उचलून अर्धा स्वर वर, काळी दोनवर, आणि पुन्हा आठ पट्ट्या खाली. गाण्याचा सांगाडा एवढाच. स्वरमेळाची भराभर बदलती गर्दी माइल्सनं मुद्दाम काढून टाकली होती, म्हणूनच मिरजेतल्या एका एसी मेकॅनिकला त्यात शिरायला जागा मिळाली.

पण शिरता येईना. मामूंची पांढरी दोन खाली पडायची आणि काळी दोन वर जायची. रेकॉर्डचा सा दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत होता.

मामूंनी आधी स्वतःला दोष दिला, मग हार्मोनियमला, मग टेपला. टेपचा पट्टा बदलला. कॅसेट प्लेअरच्या मोटरला मागे एक बारीक भोक असतं, त्यात पेचकस घालून फिरवलं की वेग कमीजास्त होतो. मामूंना ते ठाऊक होतं. त्यांनी वेग उतरवला, ए बाजू पट्टीत बसली. मग कॅसेट उलटली, 'ऑल ब्लूज' लावलं आणि आता ते उतरलं! पेच पुन्हा होता तिथे आणला, बी बाजू हार्मोनियमशी चपखल. ए बाजू पुन्हा वर. असं त्यांनी किती वेळा केलं असेल कोण जाणे. शेवटी ते मला म्हणाले, "बेटा, मशीन ठीक है. ये बाजूच चढी हुई है."

मी हसले. तेव्हा मी आठवी-नववीत असेन, आणि अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या कंपनीची चूक आमच्या मामूंनी काढावी याचं मला फार हसू आलं. म्हणाले, "मामू, आपका टेपच बुड्ढा हो गया." बाजारातला रेडिओवालाही तेच म्हणाला. त्यानंतर मामू ए बाजू फक्त ऐकायचे. वाजवायचे ते बी बाजूबरोबर.

मामू २००८ साली गेले. गेल्या मे महिन्यात मुलगा पुण्याहून इंजिनिअरिंगच्या सुट्टीत आला, कानावर मोठाले हेडफोन. कपाट आवरताना त्याला ही कॅसेट सापडली. त्याच्या डोक्यात जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकायचं खूळ आहे. त्यानं मला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. खरं वाटेना म्हणून मी स्वतः वाचून काढलं.

झालं असं. हा अल्बम न्यूयॉर्कमध्ये ३०व्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. तो स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं एक चर्च, उंच छताचं. बैठका दोन: २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मार्चच्या बैठकीतली, दुसऱ्या बाजूची दोन्ही एप्रिलमधली. मार्चमध्ये मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू फिरणाऱ्या फितीवर भरलेलं नंतर योग्य वेगानं वाजवलं की ते पळतं आणि सूर चढतो. किती चढला? शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर घ्या, त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे बरोबर त्या फटीत.

त्याच वेळी शेजारी दुसरं मशीन चालू होतं, काही बिघडलंच तर हाताशी असावी म्हणून दुसरी फीत भरून ठेवणारं. त्याचा वेग बरोबर होता. ती फीत कपाटात पडून राहिली. १९९२ साली नवी सीडी काढताना मार्क वाइल्डर या ध्वनितंत्रज्ञानं ती काढली आणि पहिली बाजू प्रथमच खऱ्या सुरात बाहेर आली. मधली तेहेतीस वर्षं जगानं चढलेलीच ऐकली. रेकॉर्डबरोबर वाजवून शिकणारी पोरं आपलीच वाद्यं चढवून घेत होती.

माइल्स सप्टेंबर १९९१ मध्ये वारले. कोलट्रेन, ॲडर्ली, इव्हान्स, केली, चेंबर्स त्याच्या कितीतरी आधी. सातांपैकी एकटे ढोलकवाले जिमी कॉब तेव्हा हयात होते. ते २०२० पर्यंत जगले.

एका रविवारी आम्ही मायलेकांनी तुलना केली. मुलाच्या मित्राच्या वडिलांकडे जुनी एलपी होती. १९९७ ची सीडी मी जुन्या बाजारातून मिळवली. तीही वाइल्डरनंच मूळ तीन पट्ट्यांच्या फितींवरून पुन्हा मिसळलेली. शिवाय २०१३ साली निघालेली मोनो आवृत्ती.

एलपी लावली आणि मी एकदम आमच्या माडीवर पोचले. ती घाई, तो कडक, तरतरीत आवाज माझ्या ओळखीचा. मग सीडी. पहिली दोन मिनिटं मला ती चक्क बेसूर वाटली, उतरलेली. वीस वर्षं चुकीच्या सुराला सरावलेला कान खऱ्याला खोटं म्हणत होता. तिसऱ्यांदा ऐकताना पॉल चेंबर्सचा बास जमिनीवर टेकला. 'ब्लू इन ग्रीन'मध्ये तर फरक अगदी उघड आहे. जुन्या आवृत्तीत माइल्सचा म्यूट लावलेला ट्रम्पेट थोडा तक्रारीच्या सुरात बोलतो, नव्यात ते रडणं आतल्या आत राहतं. जिमी कॉबनं 'सो व्हॉट'मध्ये माइल्सच्या एकलवादनाच्या तोंडावर झांजेवर दिलेला तो प्रसिद्ध आघात कॅसेटमध्ये सळसळीत बुडून जायचा. सीडीत तो हळूहळू विरतो, आणि त्या विरण्यात चर्चचं छत ऐकू येतं. हेडफोनमध्ये कोलट्रेन डावीकडे, ॲडर्ली उजवीकडे, माइल्स मध्ये. मला हे भाऊबंदकीची वाटणी केल्यासारखं वाटलं, म्हणून मोनो जास्त आवडली. मुलगा म्हणाला, "कारण तुमचा टेप एका स्पीकरचा होता." असेल.

सगळंच स्वच्छ करावं असंही नाही. त्या बैठकीत बासच्या आवाजानं स्नेअर ड्रमची तार थरथरत होती. निर्माते आयर्विंग टाउनसेंड यांनी ते दाखवून दिलं, तर माइल्सचं म्हणणं पडलं की तेही त्यातलंच आहे. ती थरथर कुणी धुऊन काढली तर मी ती आवृत्ती विकत घेणार नाही. वेगाचं मात्र वेगळं. ते वाजवणाऱ्यांनी केलेलं नव्हतं.

सीडीत आणखी एक गोष्ट आहे, 'फ्लॅमेंको स्केचेस'चं दुसरं वादन. ऐकायला छान, पण एकदाच. निवडलेलं तेच बरं होतं.

मला सलतंय ते निराळं. दुरुस्त सीडी १९९७ पासून बाजारात होती. १९९९ मध्ये मी बीएडला पुण्यात होते. एका दुकानात ती काचेमागे पाहिली होती, हातातही घेतली होती. किंमत महिन्याच्या मेसइतकी. मामूंकडे कॅसेट आहेच, असं म्हणून परत ठेवली. मामू त्यानंतर नऊ वर्षं होते.

आणि हसण्याची सवयही पुढे चालूच राहिली. नोकरीच्या सुरुवातीला उर्दूच्या तासाला एका मुलीनं पुस्तकातल्या नज्मच्या एका ओळीवर बोट ठेवलं, "मॅडम, यहाँ अटकता है." मी म्हणाले, पुस्तकात आहे तसंच वाच. पुढच्या छपाईत त्या ओळीत एक शब्द वाढला आणि बहर जुळली. ती मुलगी तोवर शाळेतून गेली होती. मी तेव्हा बहर मोजून पाहायला हवी होती, मला येत होती.

मामूंची हार्मोनियम आता माझ्याकडे आहे. भाता फाटलेला होता, सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराकडून शिवून घेतला. त्यानं विचारलं, सूर पण लावून देऊ का? नको म्हटलं. आधी एक गोष्ट तपासायची होती.

दुपारी सगळे झोपल्यावर १९९७ ची सीडी लावली. बासनं वाट उघडली आणि मी पांढरी दोन दाबून धरली. ती बसली. आठ पट्ट्यांसाठी काळी दोनवर गेले, तीही बसली. मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. मी त्याला पेन्सिल आणायला सांगितलं.