आइस्क्रीमचे बोलावणे

वैशाखातल्या पहाटे पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डात पाऊल टाकावे, तो आंब्याचा वासच आधी सामोरा येतो. रत्नागिरीचा आणि देवगडचा हापूस घाट चढून येथे उतरलेला असतो. आडते पेटीतले गवत बाजूला सारून फळ दाखवीत असतात, डोक्यावर ओझे घेतलेले हमाल वाट मागत धावत असतात, आणि त्या गर्दीत एखादे गृहस्थ पेटी घ्यावी की दोन डझनांवर भागवावे, या विवंचनेत उभे असतात. पूर्वी हा घाऊक व्यापार शहरातल्या महात्मा फुले मंडईत चाले. तेथेही असे गृहस्थ असेच उभे असत. मात्र त्या काळी पेटी घरी आली, की पुष्कळदा दुसरा बेतही ठरे. पॉटचे आइस्क्रीम करायचे आणि वाड्यातल्या साऱ्या बिऱ्हाडांना बोलवायचे!

या बोलावण्यात औदार्य होते, तसा नाइलाजही होता. घरोघर शीतकपाटे आलेली नव्हती. लाडू डब्यात घालून फडताळात ठेवता येतात. आइस्क्रीम घटकाभरात संपवलेच पाहिजे. शिवाय ते एकट्याच्या हातून होणारे नव्हे.

लाकडी बादली, तिच्यात पत्र्याचा उंच डबा, डब्यात लाकडी पाते आणि वर फिरवायचा दांडा, असा तो पॉट एखाद्याच घरी असे आणि बाकीचे तो मागून नेत. आटवलेले दूध, साखर आणि आमरस डब्यात ओतीत. गोणपाटात गुंडाळून आणलेली बर्फाची लादी फोडून डब्याभोवती बर्फाचा एक थर, खडेमिठाचा एक थर, असे भरत जात. गोड पदार्थाला मीठ कशाला, असे कोणीतरी लहानगे विचारीच. मिठाने बर्फ लवकर वितळतो, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. साखर घातलेले दूध शून्य अंशाच्या थंडीला दाद देत नाही. पण मीठ घातलेला बर्फ उणे २१ अंशांपर्यंतही उतरू शकतो. तेव्हा दुधाला शरण यावेच लागते.

दांडा फिरू लागला, की आरंभी मुलांची झुंबड उडे. प्रत्येकाला वीस फेऱ्या, आणि मोजण्यात लबाडी! बादली डुगडुगू नये म्हणून गोणपाटाची घडी टाकून एखाद्या धष्टपुष्ट मुलाला तिच्यावर बसवीत. एवढा मान त्याला शाळेत क्वचितच मिळत असेल. रस घट्ट होऊ लागे, दांडा जड होई, मुलांचे हात थकत; मग ओसरीवर पाहुणे म्हणून बसलेले काका बाह्या सरसावून उठत.

वडीलधारी मंडळी मात्र सर्दीचा धाक घालीत. हा धाक जुनाच आहे. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फ जहाजाने कलकत्त्याला आला, आणि लवकरच मुंबईलाही येऊ लागला. १८३४ च्या सुमारास जमशेटजी जिजीभाई यांनी मुंबईत आपल्या घरच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले. पुढे काही दिवसांनी ‘मुंबई समाचार’ने छापले, की यजमान आणि पाहुणे, दोघांनाही सर्दी झाली! परका पदार्थ खाल्ल्याची ही शिक्षाच, असा त्या बातमीचा सूर होता. आइस्क्रीमवर त्याचा काही परिणाम झालेला दिसत नाही.

खरी भीती सर्दीची नव्हतीच. ती झाकण उघडण्याच्या क्षणी असे. कडेवरून थेंबभर खारे पाणी आत उतरले, की सकाळपासूनचे श्रम आणि निवडून आणलेला आंबा वाया. म्हणून आजी स्वतः फडक्याने कड पुशीत, आणि तोवर सारा वाडा गप्प राही. मग वाट्या भरल्या जात. पाते चाटण्यावरून मुलांचे भांडण होई. यजमानीणबाई सर्वांत शेवटी बसत. त्यांच्या वाटीत बहुधा वितळलेला रसच येई.

एखाद्या वर्षी आइस्क्रीम खारट होईच. तेही पाहुणे वाटी निपटून खात. दांडा त्यांनीच तर फिरवलेला असे.