शब्द शेपटाकडून वाचावा

फेब्रुवारी संपत आला की इथे नेदरलँड्समध्ये महापालिकांची करपत्रं दारात पडतात. यंदाच्या पत्रातल्या 'आफ्फालस्टोफनहेफिंग'ने पुन्हा डोकं उठवलं. आफ्फाल म्हणजे कचरा, स्टोफन म्हणजे पदार्थ, हेफिंग म्हणजे आकारणी. कर भरायला माझी ना नाही, पण तो एका दमात कशाला वाचायला लावता?

डचचा नियम तसा सरळ आहे. दोन नामं मिळून एकच वस्तू सांगू लागली की ती जोडूनच लिहायची. इंग्रजीचं बघून जी मंडळी शब्द तोडतात, त्यांना 'इंग्रजी रोग' झाला असं म्हणतात. डचमध्ये हे मुळात मुडदुसाचं नाव!

अशा जोडशब्दांवरून मला हटकून कर्जत आठवतं. पुण्याची गाडी घाट चढण्याआधी तिथे थांबते, मागे बँकर इंजिनं लागतात आणि तेवढ्यात आपला वडा खाऊन होतो. डच समासाचा जोरही असाच मागून लागतो. शेवटचा शब्द सगळ्यांना ढकलतो. अर्थ, लिंग, अनेकवचन सगळं त्याच्या हातात. 'स्टाट' म्हणजे शहर, त्याला 'डे' लागतं. 'हाउस'ला 'हेट' लागतं. म्हणून नगरभवन झालं 'हेट स्टाटहाउस'. उच्चाराचा आघात मात्र बहुधा पहिल्या शब्दावर, म्हणजे शिट्टी पुढचाच वाजवणार. आपल्या तत्पुरुषातही उत्तरपदच प्रधान असतं, तेव्हा मराठी माणसाने इथवर घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं ते कपलिंगला. दोन शब्दांच्या मध्ये कधी काहीच नसतं, कधी 'स', कधी 'ए', 'एन' किंवा 'एर' येतं. 'स्टाटहाउस'मध्ये स नाही, पण नगर प्रशासन म्हणजे 'स्टाट्सबेस्टूर', तिथे आहे. गावातला रस्ता 'डॉर्प्सस्ट्राट': कानाला एकच स ऐकू येतो, कागदावर दोन लागतात. का, तर गावातला चौक 'डॉर्प्सप्लेन' आणि तिथे तो स्पष्ट ऐकू येतो.

१९९५च्या सुधारणेत शुद्धलेखनाच्या सरकारमान्य 'हिरव्या पुस्तका'ने 'पन्नेकूक' या तव्यावरच्या धिरड्याला मध्ये अनेकवचनाचा एक न चिकटवला, जो बहुतेकांच्या तोंडी येतच नाही. सूर्यप्रकाशाला मात्र न नाही, कारण सूर्य एकच! २००५च्या आवृत्तीत 'पार्डेब्लूम' या रानफुलालाही न लागला, तेव्हा बरीच वृत्तपत्रं बिथरली आणि २००६मध्ये पर्यायी नियमांचं 'पांढरं पुस्तक' निघालं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरी आपण १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, ते जास्त शहाणपणाचं, एवढंच म्हणतो.

नव्याने आलेल्यांनी एक करावं: सरकारी पत्रातला लांब शब्द शेपटाकडून वाचावा. शेवटी 'फरझेकरिंग' असेल तर विमा. मग पुढची 'आर्बेइड्सऑन्खेस्खिक्टहेइड्स' ही आगगाडी सावकाश सोडवा, अपंगत्वामुळे काम न करता येण्याचा तो विमा आहे, ३३ अक्षरांचा. 'हेफिंग', 'बूते', 'आनस्लाख' म्हणजे बहुधा पैसे जाणार. 'तेरुखखाफ' म्हणजे परत येणार. 'तूस्लाख' मात्र फसवं. सरकारकडून आलं तर तो भत्ता, रेल्वेत काही वेगवान गाड्यांना लागलं तर जादा भाडं. आणि भत्ता म्हणून निर्धास्तही राहू नका. 'किंडरऑपफांगतूस्लाख', म्हणजे मुलांच्या पाळणाघराचा भत्ता, घेतलेल्या हजारो पालकांना लबाड ठरवून पैसे परत मागितले गेले. त्या प्रकरणी जानेवारी २०२१मध्ये अख्खं मंत्रिमंडळ गेलं. तेव्हा शेपूट वाचून झालं की पत्र कोणाचं तेही बघा. भत्ता असेल तर खुशाल घ्या, पण पाळणाघराची एकूणएक पावती फाइलला लावून ठेवा.