मुलगी खगोलशास्त्र शिकायचे म्हणते

आपल्या घरांतून बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेणारी मुले-मुली आता बरीच दिसतात. पदवी झाली की पुढे काय, याची ठरलेली उत्तरे दोनच. बी.एड. नाही तर स्पर्धा परीक्षा. आमची थोरली हिंगोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. तिने तिसरे उत्तर दिले : खगोलशास्त्र. ते ऐकून ओळखीच्या दोघांनी विचारले, "म्हणजे पत्रिका बघायला शिकणार का?" ज्या घरातून आजोबांनी १९५६ सालीच पंचांग बाहेर काढले, त्या घराला हा प्रश्न! असो.

आम्ही नवराबायको फार शिकलेले नाही. एकाची नोकरी एस.टी.च्या आगारात, दुसरीचे काम अंगणवाडीत. मुलीच्या मागे हिंडून दोन वर्षांत जे कळले, ते इतर आईबापांनाही कळावे म्हणून लिहीत आहोत.

हे शास्त्र परदेशात किंवा मोठ्या घरच्या मुलांनीच शिकायचे, अशी समजूत असते. प्रत्यक्षात पुणे विद्यापीठाच्या आवारातच यातल्या दोन नामांकित संस्था आहेत. एक 'आयुका'. ती विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली काढली, देशभरातल्या विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना हा विषय करता यावा म्हणूनच. तिचे पहिले संचालक डॉ. जयंत नारळीकर २०२५ साली गेले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवतो. दुसरी संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे रेडिओ खगोलभौतिकी केंद्र. जुन्नर तालुक्यात खोडदला असलेली मोठी रेडिओ दुर्बीण याच केंद्राची.

या दोन संस्था मिळून डिसेंबरात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात. मुलीला पहिल्या खेपेला नकार आला, दुसऱ्या खेपेला बोलावणे आले. तिथे नुसती व्याख्याने नसतात. मुलांच्या हाती उपकरणे देतात. घरावरच्या छत्रीसारख्या ताटलीने सूर्याच्या रेडिओ लहरी मोजतात. हायड्रोजन वायूतून २१ सेंटिमीटर लांबीची लहर निघते, ती पकडतात. वायू आपल्याकडे येत असेल तर लहर थोडी आखूड होते, दूर जात असेल तर लांब. त्यावरून आपली आकाशगंगा कशी फिरते ते काढता येते. आगारातल्या माणसाला हे लगेच पटले. गाडी हॉर्न वाजवत समोरून येते तेव्हा आवाज चढा असतो, पुढे निघून गेली की उतरतो. तेच हे.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदची दुर्बीण सर्वांना पाहता येते. शाळा-महाविद्यालयांची मुले आपापले प्रयोग मांडतात. आम्हीही गेलो. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून खोडद. एकूण ३० ताटल्या, प्रत्येक ४५ मीटर रुंद, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. जवळ गेल्यावर पाहतो तर पत्रा नाहीच, तारेची जाळी! अंगणवाडीवालीने लगेच विचारले, चाळणीतून लहरी गळून जात नाहीत का? समजावणारा मुलगा विशीचा असेल. तो म्हणाला, "ताई, जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची आणि लहरी त्याहून कितीतरी लांब. त्यांना ही जाळी भिंतच वाटते. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो, खर्च वाचतो." ही युक्ती डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. गरिबाच्या संसारासारखा हिशेब आहे, आम्हाला फार आवडला.

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी आणखी एक सोय आहे. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून विद्यार्थ्यांना दोन महिने शास्त्रज्ञाच्या हाताखाली कामाला पाठवतात. विद्यावेतन देतात, रेल्वेचे भाडेही देतात. महाविद्यालयाच्या शिक्षकांनाही अर्ज करता येतो, हे तुमच्या मुलांच्या सरांना जरूर सांगा. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तेही पदवीच्या मुलांसाठी शिबिरे घेते.

मग अडते कुठे? फळ्यावर. यातली एकही सूचना आम्हाला महाविद्यालयाच्या फळ्यावर दिसली नाही. अर्जावर सही-शिक्का हवा होता, तर एका कारकुनाने चार दिवस कागद टेबलावर ठेवला आणि वर विचारले, "हे करून काय मिळणार?" सरांनी शिफारसपत्र मात्र एका संध्याकाळीत लिहून दिले. अर्ज इंग्रजीत असतो, 'तुम्हाला हा विषय का करायचा' असे विचारतात. मुलीने तो मजकूर आधी मराठीत लिहिला, मग इंग्रजीत केला. चांगला उतरला.

पोटाचा प्रश्न तिच्या मामाने काढला. "दाजी, आभाळ बघून पोट भरते का?" लपवून उपयोग नाही. संशोधनाच्या जागा थोड्या, वाट लांब : एम.एस्सी., मग पीएच.डी. पण पीएच.डी.ला निवड झाली की विद्यावेतन असते, आणि या मुलांना संगणकावर ढीगभर आकडे चाळायचे जे शिक्षण मिळते, ते बाहेरच्या नोकरीतही चालते.

शिवाय आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वलहरी टिपणारी 'लायगो' वेधशाळा व्हायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील. तिथे आमची मुले पहारेकरी आणि ड्रायव्हर म्हणूनच लागणार की आत यंत्रापाशी बसणार, हे आज बी.एस्सी.ला असलेली मुले कुठे जातात यावर ठरणार आहे.

तारखांचे तेवढे लक्षात ठेवा. उन्हाळ्याच्या कामाचे अर्ज हिवाळ्यातच निघतात. एम.एस्सी.साठीची 'जॅम' परीक्षा फेब्रुवारीत असते आणि तिचा अर्ज काही महिने आधीच भरावा लागतो. जातीचा दाखला, गुणपत्रके, फोटो एका पिशवीत तयार ठेवा. आमची पिशवी कपाटात वरच्या फळीवर असते.